निघालं कोण?

“...मग निर्णय करतं कोण, महाराज? जाणती बुद्धी, की तिच्या पाठीमागे बसलेलं दुसरंच कुणी?”

धोंडोशास्त्र्यांनी प्रश्न टाकला आणि उपरण्याने मानेवरचा घाम पुसला.

घाटमाथ्यावरच्या त्या लहानशा मठात कमळगीर गोसावी चुलीपुढे बसून नाचणीची भाकरी भाजत होते. त्यांनी भाकरी उलटली.

शास्त्री वाईचे. न्यायशास्त्रात त्यांचा हात धरणारा त्या मुलखात कुणी नव्हता. साधी भाजी आणायची तरी आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष, आणि सिद्धान्त होईपर्यंत बाजार उठलेला, अशी घरची माणसं त्यांची थट्टा करत. शास्त्र्यांना त्यात थट्टा दिसतच नसे. न तपासता आपण आयुष्यात एकही पाऊल टाकलं नाही, याचा त्यांना अभिमान होता.

या वेळी मात्र सिद्धान्त होईना.

धाकटी बहीण द्वारका खाली कोकणात दिलेली. आई गेली तेव्हा ती निरोप मिळताच धावत निघाली, पण पोचेपर्यंत शास्त्र्यांनी अग्नी देऊन टाकला होता. थांबणं शास्त्रात बसत नव्हतं. द्वारका भरल्या अंगणात म्हणाली, “दादा, आईचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाहीस.” तो शब्द त्यांना लागला. तिच्या घराची पायरी चढणार नाही, असं ते बोलून बसले, आणि वर्षं गेली.

आता द्वारकेच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. अक्षतांबरोबर भाचीचा निरोप आला होता. मामाने हाताला धरून आणलं तरच बोहल्यावर चढेन, नाहीतर नाही.

जावं, की न जावं?

शास्त्र्यांनी गोसाव्यांपुढे न जाण्याची कारणं मांडली. बोललेला शब्द मोडतो. बहिणीने अजून चूक कबूल केलेली नाही. मुलीचा हट्ट हे काही प्रमाण नव्हे. एकेक कारण घासूनपुसून ठेवलेलं होतं. जाण्याच्या बाजूने त्यांना एकही धड कारण सापडलं नव्हतं, आणि तरीही जीव स्वस्थ नव्हता. त्याचंच त्यांना नवल वाटत होतं.

गोसाव्यांनी सगळं ऐकून घेतलं. तवा उतरवला.

“शास्त्रीबुवा, वाईत साधू उरले नाहीत का?”

“आहेत की. नदीकाठी पावलापावलावर आहेत.”

“मग एवढी डोंगरवाट कशाला तुडवलीत?”

“आपली कीर्ती ऐकली.”

“कुणाकडून?”

शास्त्र्यांनी तोंड उघडलं. नाव काही आठवेना...

गोसावी उठले. त्यांनी शास्त्र्यांना हाताला धरून मठाच्या कठड्याशी नेलं. खाली धुकं विरत चाललं होतं. नदीचं वळण दिसत होतं, भाताची खाचरं, मधूनमधून कौलं.

“बहिणीचं गाव यातलं कुठलं?”

शास्त्र्यांचं बोट लगेच उठलं. “ते... आमराईच्या पलीकडचं.”

“आणि वाई?”

शास्त्री मागे वळले. मागे नुसते डोंगर. एकामागे एक, पार निळे होत गेलेले. ते सगळे आपण ओलांडून आलो, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. वाटभर ते न जाण्याची कारणं मनाशी जुळवत होते. आणि पावलं मात्र सारा वेळ द्वारकेच्या गावाकडे पडत होती.

ते कठड्यावर टेकले. त्यांना हसू आलं. आधी थोडं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“म्हणजे, महाराज... माझी कारणं खोटी?”

“खोटी कशाला? चांगली होती. वाटेत सोबत झाली.”

मग दोघांनी चटणीभाकरी खाल्ली. इतकी गोड भाकरी शास्त्र्यांनी कधी खाल्ली नव्हती, आणि का गोड लागली ते तपासावं असंही त्यांना वाटलं नाही.

त्या दुपारी ते द्वारकेच्या दारात उभे राहिले. तिने पाय धुवायला पाणी आणलं, तांब्या हातात देताना “दादा” एवढंच म्हणाली. मुहूर्ताला मामाने भाचीला हाताला धरून बोहल्यावर आणलं. पाठवणी झाल्यावर, मांडव रिकामा असताना, आईचा विषय निघाला. दोघंही रडली आणि हलकी झाली.

पण हे सगळं पुढचं. मठाची पायरी उतरताना शास्त्र्यांमधला नैयायिक पुन्हा जागा झालाच. ते थबकले.

“महाराज, आता मी जातो आहे, ते खरं. पण माझा प्रश्न तसाच राहिला... वाईहून निघायचं ठरवलं ते कुणी?”

गोसाव्यांनी उतारावरच्या पायवाटेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं... ओळखीचं माणूस लांब जाताना पाहावं तसं.

“तो केव्हाच पुढे गेला,” ते म्हणाले. “उचला पाय. उतारावर गाठाल.”