टेपचं घड्याळ

होड्यांवर नुकते कुठे टेप वाजू लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. पावसाळा आला तशी हिरू तांडेलाने आपली होडी किनाऱ्यावर ओढली, टेप बंद केला आणि तो घरी गेला. टेपमधलं घड्याळ मात्र चमकतच राहिलं.

दिवसेंदिवस होडीतल्या बॅटरीबाईंना अशक्त वाटू लागलं. “अरे, झोपेत तरी माझं रक्त पिऊ नकोस,” त्या टेपला म्हणाल्या. “नारळी पुनवेला इंजिनाला मलाच उठवायचंय.”

“घोटभर तर घेतो!” टेप फणकारला. “नाहीतर वेळ कोण लक्षात ठेवणार?”

काही दिवसांनी हिरू होडी बघायला आला. बंद टेपमधला उजेड पाहून तो चपापला. त्याने बॅटरीपाशीच टेपच्या वायरीत एक बटण बसवलं आणि खटकन बंद केलं.

नारळी पुनवेला होडी पाण्यात गेली. हिरूने चावी फिरवली, बाईंनी सगळा जोर लावला आणि इंजिन पहिल्याच दणक्यात धडधडलं! बाईंचा जीव भांड्यात पडला. मग हिरूने टेपचं बटण दाबलं.

टेप जागा झाला. सकाळच्या उन्हात त्याचं घड्याळ बारा दाखवत होतं. “बाई, खरे किती वाजले हो?” त्याने ओशाळून विचारलं.

“निघायची वेळ झाली,” बाई हसल्या. “इंजिन चालू आहे, ते मला भरतंय. आता पोटभर पी आणि गा.”