कल्हईवाल्याचा जामीन

एकदा एक वृद्ध वकील होते. तालुक्याच्या कोर्टात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. त्यांच्या हाताखाली एक शिष्य शिकत होता. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पुरते ठाऊक असलेला.

शिष्याला पहिला खटला मिळाला तो एका कल्हईवाल्याचा. गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई लावणारा हा माणूस. एका घरचा तांब्याचा हंडा हरवला आणि आळ त्याच्यावर आला. शिष्याने असा काही युक्तिवाद केला की न्यायाधीशांनी पहिल्याच दिवशी पंधरा हजारांचा जामीन मंजूर केला. शिष्याने कचेरीभर पेढे वाटले. वृद्ध वकिलांनी मात्र आपला पेढा कागदात गुंडाळून खणात ठेवला.

"कल्हईवाला घरी पोचला की खाईन," ते म्हणाले.

महिना गेला. एके दुपारी कल्हईवाल्याची बायको कचेरीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. नवरा अजून तुरुंगातच होता.

"अहो बाई, जामीन केव्हाच मंजूर झालाय," शिष्य वैतागून म्हणाला. "आता फक्त एक जामीनदार आणा. त्यानं सातबारा दाखवायचा आणि सही करायची. नवरा तारखांना हजर राहिला तर त्याची दमडीही जात नाही. पळून गेला, तरच पंधरा हजार त्या माणसाकडून वसूल होतात."

"आमच्यासाठी सातबारा कोण आणंल, साहेब? कोर्टाच्या फाटकापाशी एक जण बसतो. तो म्हणतो, तीन हजार दे, मी उभा राहतो. ते पैसे परत मिळत न्हाईत म्हणं. भाता इकला तरी तेवढे व्हायचे न्हाईत. आन् भाता इकल्यावर धंदा कशानं करायचा?"

"एवढ्या मोठ्या गावात एक माणूस मिळत नाही? नीट विचारलंच नसेल तुम्ही."

बाई निघून गेली. वृद्ध वकिलांनी चष्मा पुसला आणि शिष्याला म्हणाले, "उद्या कचेरीत येऊ नकोस. दिवेलागणीपर्यंत स्वतःसाठी एक जामीनदार घेऊन ये. पंधरा हजारांचा, सातबाऱ्यासह. चोरीचा आळ आलाय, एवढंच सांग."

म्हातारा चळला, असे शिष्याला वाटले. पण गुरूची आज्ञा होती, म्हणून तो निघाला. वीस एकर बागायत असलेल्या मामांनी चहा पाजला, "काय करून बसलास?" असे तीनदा विचारले आणि शेवटी सातबारा भावांच्या सामाईक नावावर असल्याचे त्यांना आठवले. मित्राचे वडील म्हणाले, "सही सोडून काहीही माग." घरमालकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि खोली कधी रिकामी करणार ते विचारले.

दिवेलागणीला शिष्य परतला, तेव्हा त्याच्या मागोमाग, तो रोज जेवत असे त्या खानावळीच्या मावशी आल्या, पिठाचे हात पदराला पुसत.

"अंगठा कुठं करायचा सांगा," त्या म्हणाल्या. "ह्यो पोरगा चोरी करणारा न्हाई."

"तुमच्या नावावर जमीन, घर?" वकिलांनी विचारले.

"भाड्याची खोली हाय."

वकिलांनी त्यांना हात जोडले आणि आळ खरा नसल्याचे सांगून माघारी पाठवले. मग ते शिष्याकडे वळले.

"तुझी खात्री या बाईंना आहे. पण कोर्ट खात्री मोजू शकत नाही, जमीन मोजू शकतं. ज्यांच्याकडे जमीन आहे, ते तुझे आप्त असूनही बिचकले. आणि तो कल्हईवाला तर परगावचा, कुणाचा कोणी नाही. तुझं काम आदेशाच्या कागदापाशी संपलं. त्याची अडचण तिथूनच सुरू झाली."

शिष्याची मान खाली गेली. "मग तुम्ही किंवा मी जामीनदार झालो तर?"

"वकिलाला अशिलाचा जामीनदार होता येत नाही. अर्ज मात्र करता येतो, की जातमुचलक्यावर, त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर सोडा. तो महिन्यापूर्वीच करायला हवा होता. कल्हईवाला सुटला का, हे तू विचारशील म्हणून मी थांबलो. थांबायला नको होतं."

दुसऱ्या दिवशी कल्हईवाल्याची तारीख होती. अर्ज हातात घेऊन शिष्य धावत पोचला, पण पुकारा आधीच झाला होता. कल्हईवाल्याने हात जोडून गुन्हा कबूल केला होता, आणि भोगलेली कैद हीच शिक्षा धरून न्यायाधीशांनी त्याला मोकळे केले होते.

शिष्याने त्याला व्हरांड्यात गाठले. "अरे, तू चोरी केली नव्हतीस ना?"

"न्हाई, साहेब."

"मग कबूल का केलंस?"

"कबूल कराया जामीनदार लागत न्हाई."

कचेरीत वृद्ध वकिलांनी खण उघडून पेढा बाहेर काढला. तो दगडासारखा झाला होता. दोघांपैकी कुणीच त्याला हात लावला नाही. दुपारी गल्लीतून हाक आली, "कल्हईऽऽ!" चोर ठरलेल्याला भांडी द्यायला कुणी बाहेर आले नाही; कुठल्याही दारापाशी न थांबता ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली. शिष्य ऐकत बसला.

आता तो युक्तिवाद लिहायला घेण्याआधी अशिलाला विचारतो, "तुझ्यासाठी कोण उभं राहील?"