बेडकीमावशीची डोणी

विहिरींवर रहाट करकरत असत, त्या काळची गोष्ट. बगळ्याच्या चोचीतून निसटलेलं कासवाचं पिल्लू बेडकीमावशीने पाळायला घेतलं. विहिरीजवळच्या उंच काठाच्या दगडी डोणीत तिने त्याचं घर मांडलं. तळाशी वाळू पसरली, शेवाळ सोडलं आणि पानापानाने पाणी आणून ओतत राहिली.

"अजून थोडं घाल," शेजारचा खेकडा म्हणाला. "पोराला काही कमी पडायला नको."

पिल्लू सकाळपासून चारही पाय हलवत गोल गोल फिरत होतं. "बघा, कसं नाचतंय!" मावशी हरखली आणि आणखी पाणी आणायला निघाली.

तेवढ्यात डोणीच्या काठावरून गोगलगाय हळूच म्हणाली, "मावशी, ते नाचत नाहीये. दमलंय. बुडेल."

खेकडा हसला. "तुला गं काय कळतं? तुला तर चालताही येत नाही धड!"

गोगलगाय लाजून शिंगं आत घेणार होती, पण तिने पिल्लाकडे पाहिलं. "ही भिंत आतून चढायला मला सकाळपासून दुपार झाली," ती म्हणाली. "तेवढ्या वेळात ते एकदाही थांबलं नाही. थांबायला जागाच कुठे आहे?"

मावशीच्या हातातलं पान गळून पडलं. खेकड्याने काठावरचा आपला बसायचा चपटा दगड डोणीत ढकलला. त्याचा माथा पाण्याबाहेर राहिला. पिल्लू धडपडत वर चढलं, पाय पसरून उन्हात पडलं आणि तिथेच झोपलं.

संध्याकाळी मावशी सवयीने पुन्हा पानभर पाणी घेऊन आली. पिल्लू अजून झोपलेलंच होतं. तिने आवाज न करता ते पाणी बाहेर ओतलं.