अल्बममधलं कोपर

एका गावात होते नूरचाचा शिकलगार, जुने फोटोवाले. त्यांचा चेला होता आदिनाथ मगदूम, नवा फोटोवाला. आणि त्या आदिनाथची आई होते मी. चाचा बोलायचे कमी, आदिनाथ बोलायचा फार, आणि मी उंबऱ्याशी उभी राहून दोघांचं ऐकायची.

"आणि हे कोपर कुणाचं?" चाचांनी विचारलं.

त्यांच्या मांडीवर आमच्या राजमतीच्या लग्नाचा अल्बम होता. राजमती माझी थोरली. फोटो तिच्या भावानं, आदिनाथनंच काढलेले.

आदिनाथनं गळ्यातला कॅमेरा चाचपला.

"हातात बांगडी नाही," चाचा म्हणाले.

"आईचं आहे."

चाचांनी पान उलटलं. नवरा-नवरी, व्याही, विहीणबाई, मामा, मावश्या... आणि कडेला तेच कोपर. पुढच्या पानावर नुसता पदर. त्याच्या पुढच्या पानावर एक पाऊल, बस.

"म्हणून तर आलोय, चाचा," आदिनाथ म्हणाला.

आलो होतो खरं त्रिशलाच्या, माझ्या धाकटीच्या, लग्नाची पत्रिका द्यायला. त्रिशलाही बरोबर होती. पण पत्रिका अजून पिशवीतच होती. आदिनाथला कॅमेऱ्याचं सुचत होतं.

आता आपल्या लेकाचं आपण सांगू नये, पण जे होतं ते होतं. त्याचं नाव तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवर झालेलं. कोल्हापूरच्या प्रदर्शनात दोनदा ढाल घेऊन आला होता. लोक लग्नाची तारीख त्याला विचारून धरायचे. सगळी विद्या चाचांची. चाचांनी दुकान बंद केलं तेव्हा आपला लाकडी कॅमेरा, काळ्या कापडात डोकं घालून बघायचा तो, याच्या हवाली केला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

"माझा कॅमेरा क्रॉप आहे, चाचा," आदिनाथ सांगायला लागला. "आतला सेन्सर लहान. भिंग दाखवतं तेवढं तो घेत नाही. चारी कडा खातो. हॉलमध्ये माझी पाठ भिंतीला टेकलेली, आणखी मागं कुठं जाऊ? कडेची माणसं कापली जातात."

"माणसं?" चाचांनी अल्बम त्याच्याकडं फिरवला. "की माणूस?"

आदिनाथनं ते ऐकलं नाही. ऐकलं असेल तर दाखवलं नाही.

"रुंद भिंग लावायचं," चाचा म्हणाले.

"त्यात कडेची माणसं फुगतात. विहीणबाई आधीच..."

त्रिशला फिसकन हसली. मी डोळे वटारले.

"मग?"

"फुल फ्रेम घ्यायचा, मोठ्या सेन्सरचा. ठरवलंय. पुढच्या रविवारी लग्न, त्याच्या आत हातात पाहिजे." त्याचा आवाज जरा खाली आला. "राजमती सासरी अल्बम बघून रडली, चाचा. म्हणाली, दादा, माझ्या लग्नाला आई आलीच नव्हती असं वाटतंय. हिच्या अल्बममध्ये मला आई पुरी पाहिजे."

मी उंबऱ्याकडं बघत राहिले. राजमती रडली हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग घे की," चाचा म्हणाले. "मला कशाला विचारतोस?"

"तुमचा लाकडी कॅमेरा..."

"हं."

"पुण्याचा एक हॉटेलवाला मागतोय. दारात शोभेला ठेवणार म्हणे. तो दिला, तर जमतं."

...

बाहेर कोंबड्या कुरकुरत होत्या. चाचांनी अल्बम मिटून बाजूला ठेवला. मला वाटलं, आता हाकलून देतात तिघांनाही.

"फुल म्हणजे केवढा?" त्यांनी विचारलं.

"छत्तीस बाय चोवीस मिलिमीटर."

"मिलिमीटर मला काय सांगतोस. दाखव."

आदिनाथ इकडंतिकडं बघायला लागला. चाचांनी खिशातून काडेपेटी काढून पुढं धरली.

"एवढा?"

"त्याहून... थोडा लहान."

"आणि माझ्या कॅमेऱ्याची काच?"

"पाटीएवढी."

"म्हणजे पाटी विकून काडेपेटी घेणार."

त्रिशला परत हसली. या खेपेला मलाही आवरलं नाही.

"तसं नसतं ते, चाचा!" आदिनाथ तडकला. "तुमचा जमाना वेगळा. एका फोटोला अर्धा तास, माणूस पुतळ्यागत उभा. मी एका लग्नात दोन हजार काढतो. तुम्हाला नाही कळायचं ते."

मी म्हटलं, "आदिनाथ!"

"बोलू द्या, ताई. खरं बोलतोय," चाचा म्हणाले. "कॅमेरा आणलायस?"

"हा काय, गळ्यात."

"चल अंगणात. तिथं पाठीला भिंत नाही."

चाचांचं अंगण लांबलचक. दारापाशी शेवगा, तिथून थेट रस्त्याच्या फाटकापर्यंत मोकळं. चाचांनी त्रिशलाला शेवग्याखाली उभं केलं.

"ताई, तुम्ही तिच्या शेजारी."

मी उभी राहिले.

आदिनाथनं कॅमेरा डोळ्याला लावला.

"आली आई पुरी?"

"नाही. दंड कापतोय."

"मागं जा."

तो पाच पावलं मागं गेला.

"आता?"

"खांदा जातोय."

"आणखी मागं. जागा आहे की."

तो जात राहिला. तुळशीइतका झाला, मग तांब्याइतका. पाठ फाटकाला लागली तेव्हा थांबला.

"आता तरी?"

"नाही चाचा!" तिथून ओरडला. "पदर बाहेरच राहतोय!"

चाचा माझ्याकडं वळले. हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही कुठं उभ्या आहात, बघा जरा."

मी बघितलं.

कोंबड्यांचं खुराडं माझ्या पाठीला लागलं होतं. त्रिशला दहा हात लांब, शेवग्याखाली एकटी.

शपथेवर सांगते, मी कधी सरकले मला कळलं नव्हतं. आदिनाथचे वडील गेले तेव्हा त्रिशला पाळण्यात होती. तेव्हापासून कुणाच्याही शुभकार्यात फोटोवाला पुढं आला, की मी एक पाऊल बाजूला. नवरा-नवरीजवळ माझ्यासारखीनं थांबायचं नसतं. तोंडानं मला कुणी सरक म्हणालं नाही कधी. म्हणावं लागतच नाही. पावलंच शिकतात.

आदिनाथ फाटकाकडून आला. जाताना ताठ गेलेला, येताना मान खाली.

"आई... राजमतीच्या लग्नातपण तू सरकत होतीस?"

मी पदर सारखा केला.

"तू पन्नास फुटांची फ्रेम आण," चाचा म्हणाले. "ताई एक्कावन्नाव्या फुटावर असतील."

...

"मग काय करू, चाचा?"

सकाळपासून तो सांगत होता. विचारलं त्यानं तेव्हा पहिल्यांदा.

चाचा घराकडं वळले. आत गेले. काहीतरी ओढत आणल्याचा आवाज आला. दुकानातली जुनी खुर्ची होती ती, सागवानी, दोन्ही बाजूंना रुंद हात असलेली. अख्ख्या गावाचे बाप-आजे तिच्यावर बसून फोटो काढून गेले होते. चाचांनी ती खांद्यावरच्या पंच्यानं पुसली.

"ही घेऊन जा. लाकडी कॅमेरा विकायचा तर वीक, तुझा आहे. पण लग्नात आधी ही मांड."

"कुठं?"

"मधे."

आदिनाथ खुर्ची डोक्यावर घेऊन निघाला. पत्रिका मी दिली. तोपर्यंत कुणालाच तिची आठवण नव्हती.

रविवारी लग्न लागलं. अक्षता पडल्या. फोटोची वेळ झाली तशी मी स्वयंपाकाकडं निघाले. तिकडं माझं काही काम नव्हतं.

"आई!" आदिनाथनं भर मांडवात हाक मारली. हॉल छोटाच होता, त्याची पाठ भिंतीला टेकलेली. गळ्यात जुनाच कॅमेरा.

स्टेजवर मधोमध ती खुर्ची होती. नवरा-नवरी तिच्या दोन बाजूंना उभे.

नवऱ्याचे मामा, भूपालमामा, म्हणाले, "ही कुणाची?"

"आईची."

"अरे पण... शुभकार्य आहे. काही रीतभात असते."

माझी पावलं चालायची थांबली. हॉलमध्ये शंभर माणसं, आणि सगळ्यांना एकदम ऐकू यायला लागलेलं. मला वाटलं, झालं, पोरीच्या लग्नात माझ्यापायी वाकडं आलं.

आदिनाथनं कॅमेरा खाली घेतला.

"मामा, वरात तुमची, जेवण तुमच्या मर्जीचं. फोटो माझा. फोटोत माणूस मी सांगेन तिथं बसतं."

मामांनी नवऱ्याकडं बघितलं. नवरा कॅमेऱ्याकडं बघत होता, हलला नाही. आमचा जावई आहे तो. पहिल्या दिवसापासून गुणाचा.

त्रिशला स्टेजवरून उतरली. शालू सावरत आली आणि माझा हात धरला.

"चल गं आई. मला उभं राहून गोळे आलेत पायात. तू बसल्याशिवाय हा दादा सोडणार आहे का कुणाला?"

मी बसले.

बसले, आणि पायांनी आपलं सुरू केलं. सरकायला लागले. पण खुर्चीला दोन्ही अंगांना हात. इकडं सरकावं तर हात, तिकडं सरकावं तर हात. तेव्हा मला कळलं, म्हाताऱ्यानं एवढ्या खुर्च्यांतून हीच का काढून दिली.

"आई, इकडं बघ," आदिनाथ म्हणाला.

बघितलं.

तो फोटो आठ दिवसांनी चाचांकडं नेला. चाचांनी चष्मा लावला, उजेडाकडं धरला. मी मधे होते, पुरी, पायाच्या बोटांपासून केसांपर्यंत. चाचा माझ्यावर थांबलेच नाहीत. त्यांचं बोट कडेला गेलं.

"हे कोपर कुणाचं?"

"भूपालमामांचं," आदिनाथ म्हणाला.

"पुढच्या लग्नात त्यांना मधे बसव."

लाकडी कॅमेरा काही पुण्याला गेला नाही. आदिनाथनं तो आपल्या दुकानात दर्शनी उभा केला, शेजारी ती खुर्ची, आणि काचेत तो फोटो. पहिल्यांदा आल्या आमच्या गल्लीतल्या चंपाकाकू, भाजीची पिशवी घेऊन, सहज आल्यासारख्या. मग शेजारच्या गावातल्या दोघी. मग कुणाची सासू, कुणाची आत्या, ज्यांचा नवरा गेल्यापासून एक फोटो नव्हता. दारात आल्या की हळूच विचारायच्या, "ती खुर्ची आहे का हो?" आदिनाथ म्हणायचा, "तुमचीच आहे, बसा." लोक लग्न ठरलं की आधी खुर्ची सांगायला लागले, मग वाजंत्री. मामांनी आपल्या नातीच्या लग्नात स्वतःहून बोलावलं आणि आपल्या वहिनीला मधे बसवलं. ते मी या डोळ्यांनी बघितलं.

फुल फ्रेम आला तिसऱ्या वर्षी. काही न विकता आला. चांगला आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. दोन्ही लेकी सुखात, सून घरात, नातवंडं अंगाखांद्यावर. आमच्या घराला चांगले दिवस आले, आणि आल्यावर कडेला उभे राहिले नाहीत.

त्या वर्षीच्या ईदला आम्ही सगळे चाचांकडं गेलो. आदिनाथला नवा कॅमेरा दाखवायचा होता. चाचा आता काठीनं चालायचे. त्यांनी तो हातात घेतला, तोलून बघितला, परत दिला. काडेपेटीचं काही काढलं नाही.

"शेवग्याखाली बाक टाका," म्हणाले.

बाक आला. मी जाऊन बसले. कुणी सांगायच्या आत, बरोबर मधोमध, पाय रोवून. लेकी-जावई, सून, पोरं माझ्या दोन्ही अंगांना दाटीवाटीनं बसली.

आदिनाथनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि लगेच खाली घेतला.

"चाचा, तुम्ही कुठं? फ्रेममध्ये या की."

चाचा खुराड्यापाशी उभे होते. काठी टेकत आले. बाकासमोर थांबले, माझ्याकडं बघितलं.

"ताई," म्हणाले, "आता सरका की जरा."