खाकी गाडी थांबली तेव्हा

गाड्या माणसांशी बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. गुरांच्या डॉक्टर सुलभा वळवींना डोंगरपाड्यांवर जायला गाडी हवी होती. दुकानात जुन्या जीपच्या घाटणीच्या दोन कोऱ्या गाड्या होत्या, लाल आणि खाकी.

"मी कुठेच अडकत नाही," लाल गाडी म्हणाली.

"मी अडकते, बाई," खाकी म्हणाली. "पण आधी सांगते."

बाईंनी खाकी घेतली.

आठवड्यातच त्या एका अडलेल्या म्हशीसाठी निघाल्या. वाटेत ओढ्याशी गाडी थांबली. "तळाची वाळू खचलीय, बाई. आत गेले तर रुतेन."

बाई खाली उतरल्या. त्यांनी जोरजोरात हाका मारल्या. पाड्यावरचे चौघे दोर घेऊन धावले आणि त्यांना पलीकडे घेऊन गेले.

दुपारी रेडकू धडपडत उभं राहिलं. म्हशीची मालकीण डोळे पुसत म्हणाली, "तुमची गाडी अर्ध्यातच थांबली म्हणे?"

"हो ना," बाई हसल्या. "म्हणून तर मी पोचले."