म्हाताऱ्या होडीचा हट्ट

फार जुनी गोष्ट. खाडीकाठी एक म्हातारी होडी पडून होती. उन्हाने फळ्या उकलल्या होत्या, तरी हेका एकच, "मला समुद्रात न्या! पाणी लागलं की लाकूड फुगतं, भेगा बुजतात."

"आजी, तुझं लाकूड कुजलंय," तिच्यात ठेवलेलं नवं वल्हं म्हणालं. "हौस तुझी, बुडणार तू, आणि जन्मभर लाटांवर भटकायचं मी?"

"कालचं पोर तू! मी वादळं पाहिलीत."

"मग स्वतःचा तळही बघ जरा!"

मोठ्या भरतीने उचलताच होडी वल्ह्याला घेऊन निघालीच. भेगा बुजल्या नाहीत. पाणी भसाभस आत आलं, तशी ती पुटपुटली, "वळव रे बाळा. पण कुणाला सांगू नकोस."

"सगळ्यांना सांगणार," म्हणत वल्ह्याने सगळा जोर लावला.

तळाला काठाची वाळू लागली, तेव्हा "सुटले बाई!" असं आधी होडीच म्हणाली.