जयवंतराजांची मरळ

जयवंतराजांना गळाने मासे धरण्याचा नाद होता, आणि असा नाद लागलेल्या माणसाला पाण्यावर दुसरं कोणी खपत नाही. भोयांच्या होड्यांनी पाणी हलतं, जाळी पडली की मासे बिथरतात, अशी कुरकुर करता करता राजांनी एके दिवशी हुकूमच काढला. थोरला तलाव यापुढे फक्त राजांचा!

भोईवाडा हवालदिल झाला. त्यांची चूल त्या तलावावरच पेटायची. म्हातारा भिका भोई चार माणसं घेऊन वाड्यावर गेला, पागोटं काढून राजांच्या पायांशी ठेवलं. राजे दुष्ट नव्हते, नुसते हट्टी होते. रडणारी माणसं बघून त्यांना वाईट वाटलं, पण हुकूम मागे घेणंही जिवावर आलं. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. स्पर्धा लावू, म्हणाले. मला हरवा आणि तलाव घ्या.

दवंडीचा मजकूर कारभारी आबाजीपंतांनी लिहिला. पंतांना आपल्या भाषेचा कोण अभिमान! चार वेळा खोडून पाचव्यांदा त्यांनी शब्द पक्के केले आणि गावोगाव दवंडी फिरली: ‘मासा गळ घालूनच मिळवावा. जाळे, भाला, टोपली चालणार नाही. दिवस मावळताना ज्याच्या हाती सर्वांत वजनदार मासा, थोरला तलाव त्याचा.’

झालं, म्हणजे स्पर्धा व्हायच्या आधीच संपली. भोई हा जाळ्याचा माणूस. त्याच्या हाती गळ दिला तर आधी स्वतःचंच बोट अडकवून घेईल. आणि राजांचे नोकर तर महिनाभर ठरलेल्या जागी माशांना चारा घालत होते. भिकाने घोंगडी पसरली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

त्याची सून हौसा सातव्या महिन्यात होती. तिला मरळ खाण्याचे डोहाळे लागले होते, आणि नेमकी तेव्हाच जाळी बंद पडलेली. तिने सासऱ्याकडून दवंडी पुन्हा एकदा शब्दन्‌शब्द म्हणवून घेतली. ऐकता ऐकता तिला हसू फुटलं.

“मामंजी, माझं नाव द्या,” ती म्हणाली.

सुनेच्या डोक्यावर परिणाम झाला, असं भिकाला वाटलं. पण पोटुशीचं मन मोडू नये म्हणून त्याने नाव दिलं.

स्पर्धेच्या सकाळी तलावाचा काठ माणसांनी फुलून गेला. हौशी सरदार, शिकारी, पाहुणे, ज्याच्या त्याच्या हातात काठी आणि दोरी. हौसा मात्र रिकाम्या हाताने आली. पंतांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गळ कुठे आहे म्हणून विचारलं.

“घालनार हाय की गळ,” ती म्हणाली. “येळ आली म्हंजी घालीन.”

पंत हसले आणि नाव लिहून घेतलं.

दुपारपर्यंत बाकीच्यांना चिमुकले मासे मिळाले. आणि मग राजांची दोरी ताणली! राजे उभे राहिले, मागे सरले, पुढे झुकले, घामाघूम झाले, आणि शेवटी हातभर लांबीची जाडजूड मरळ काठावर येऊन आदळली. एवढी मरळ त्या तलावात कोणी पाहिली नव्हती. राजांचा आनंद गगनात मावेना.

तेवढ्यात हौसा त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

“म्हाराज, ही मरळ मला द्या.”

राजांना वाटलं थट्टा आहे. पण ती हलेना. डोहाळे लागलेत म्हणाली. पोटातलं लेकरू मागतंय म्हणाली. राजांनी दुसरे चार मासे देऊ केले, तिला हीच हवी होती. राजांनी पुन्हा गळ पाण्यात सोडला, तर ही कानाशी बोलतेच आहे. मासे धरणाऱ्याला शांतता लागते, आणि हौसा काही तोंड मिटत नव्हती. डोहाळकरणीला काठावरून हाकलून द्यायची तर सोय नाही. बायका नावं ठेवतील, राणीसाहेब तर आठवडाभर अबोला धरतील. राजांनी एकदा पाण्याकडे बघितलं. तिथून एक निघाली, तशी दुसरी निघेल, असा त्यांनी हिशेब केला.

“घे बाई, घे! आणि जा एकदाची.”

दुसरी काही निघाली नाही. दिवस मावळला, तराजू आला, एकेक मासा चढला. शेवटी हौसाने पदराखालची मरळ काढून पारड्यात ठेवली आणि पारडं धाडकन खाली गेलं.

पंत ओरडले, “हा मासा महाराजांचा आहे! हिने गळ घातलाच नाही!”

“पंत,” हौसा म्हणाली, “तुमच्या दवंडीत काय व्हतं? मासा गळ घालूनच मिळवावा. म्हाराजांनी गळ घातला. म्या गळ घातली, दुपारधरनं घातली. आन् दिवस मावळताना मासा कुनाच्या हाती हाय, ते समद्यांनी बघितलंय.”

राजांनी मरळीकडे पाहिलं, मग हौसाकडे, मग आपल्याच शब्दांत अडकलेल्या पंतांकडे. त्यांच्या मिशा थरथरू लागल्या, आणि ते असे खदखदून हसले की त्यांना खालीच बसावं लागलं. तलाव भोयांचा, त्यांनी जाहीर केलं. हौसाच्या ओटीत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं टाकलं, वर मरळीला लागणारा मसालाही वाड्यातून पाठवायला सांगितला.

मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. “पण पोरी, तलाव तुमचा झाला, तर उद्यापासून मी मासे धरायचे कुठे?”

“हितंच की, म्हाराज,” हौसा म्हणाली. “फकस्त आदी गळ घालायची, मग गळ घालायचा.”

राजे पुन्हा हसत सुटले. मग उठले, अंगरखा झटकला आणि भिका भोयासमोर दोन्ही हात जोडून उभे राहिले.